दापोऱ्यातला बिनपायांचा पाव्हणा

प्रिय रिया आणि ईशान,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता ईशान मध्येच थांबला आणि म्हणाला, "आजी, तुझ्या मागे खुर्चीत कोण बसलंय? इतका वेळ तोंड उघडं ठेवून?" मी म्हटलं, "पाव्हणा आहे." तुम्ही दोघांनी लगेच "नमस्ते अंकल" म्हणून हात जोडलेत. आईने वळण चांगलं लावलंय. अंकलने उत्तर दिलं नाही, म्हणून रियाला तो शिष्ट वाटला. एवढ्यात कॅनडातलं तुमचं इंटरनेट बंद पडलं आणि खुलासा राहून गेला.

अर्धवट राहिलेली गोष्ट मला झोपू देत नाही, हे तुमचे आजोबा सांगतीलच. शिवाय इथल्या आमच्या महिला मंडळाच्या दिवाळी अंकाला माझ्या नोकरीवर लेख हवा आहे. तेव्हा एकदाच नीट लिहिते, दोन्हीकडे चालेल. मी शिकले इंग्रजी शाळेत, आणि इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण ज्या माणसांबद्दल लिहायचंय त्यांच्या तोंडी इंग्रजी घालणं मला जमणार नाही. अडलं तर आईला विचारा. आईला अडलं तर मला फोन करा.

पाव्हणा म्हणजे रबराचा पुतळा. डोकं, मान, छाती आणि पोट. तिथे तो संपतो. हात नाहीत, पाय नाहीत. छातीत स्प्रिंग आहे. पुरेशा खोलीपर्यंत दाबलं की आतून 'टक' असा आवाज येतो. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, हे शिकवायला तो लागतो. माझ्या नोकरीची पहिली वर्षं बुऱ्हाणपुरात नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात गेली आणि शेवटची वर्षं एका संस्थेकडून गावोगावी प्रथमोपचार शिकवण्यात. त्या शेवटच्या वर्षांत पाव्हणा माझा सहकारी होता. मी निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात मला शाल मिळाली. त्याला पुढे भंगारात काढणार होते, म्हणून मी त्याला घरी आणला. शाल मी त्याच्याच खांद्यावर टाकली आहे. दूधवाला रोज त्याला राम राम करतो.

तो 'पाव्हणा' झाला दापोऱ्यात. बुऱ्हाणपूर शहराजवळचं हे गाव. चारी बाजूंनी केळीच्या बागा, आणि मध्ये रघुनाथ अप्पांच्या घराचा लांबरुंद ओटा. वर्गाला जागा म्हणून तो ओटा ठरला होता. मी ऑटोतून पुतळा नेला. धूळ मला सहन होत नाही, म्हणून तो स्वच्छ पांढऱ्या चादरीत डोक्यापासून नीट गुंडाळला होता. ऑटोवाल्याने आणि मी दोन बाजूंनी धरून तो उतरवला आणि ओट्यावर सतरंजी अंथरून त्यावर ठेवला. मी रजिस्टर काढायला वळले, आणि मागून हंबरडा ऐकू आला.

अप्पांची बायको, चंद्रभागा जिजी, पुतळ्याच्या तोंडावरची चादर सारून उशाशी बसून कपाळ बडवत होती. "कोण्या माउलीचा हाय वं हा! इतक्या कमी उमरमधी गेला!" तिचा आवाज ऐकून शेजारच्या बाया धावल्या आणि कोणाचा कोण हे न विचारता रडायला बसल्या. दापोऱ्यात रडण्याला ओळख लागत नाही. मी "अहो, ऐका, ऐका" म्हणेपर्यंत कोणीतरी घरातून तुळशीचं पान आणून त्याच्या उघड्या तोंडात घातलंसुद्धा. ते पान त्याच्या रबरी घशात अडकलं आणि पुढचा तास मी चिमट्याने काढत बसले. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, या धड्यासाठी मला त्याहून चांगलं उदाहरण पुढे कधी मिळालं नाही.

पूर्ण चादर काढली तेव्हा रडणं थांबलं आणि चौकशी सुरू झाली.

"बाई, याचे पाय कोठी गेले?"

"पाय बनवलेलेच नाहीत."

"शुगर असंन," जिजी बाकीच्यांना म्हणाली. "माह्या भावाचा बी एक पाय असाच गेला."

"कोण्या गावचा हाय?"

"कुठलाच नाही. पुतळा आहे."

"म्हंजे पाव्हणा," जिजीने निकाल दिला, आणि त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या आणून ठेवला. त्या दिवसापासून माझ्या कागदांत 'प्रशिक्षण पुतळा, प्रौढ, एक नग' असलेला इसम सगळ्या तालुक्यात पाव्हणा झाला. पुढे बहादरपूरच्या बाया मला रस्त्यात गाठून विचारायच्या, "मॅडम, आमच्याकडं कधी पाठवता पाव्हण्याले?" माझं काय, मी त्याच्याबरोबर येणारच होते.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी समजली. मी करून दाखवलं: तळहाताचा मनगटाजवळचा भाग छातीच्या मधोमध, दुसरा हात त्यावर, कोपरं सरळ, आणि अंगाच्या वजनाने दाबायचं. मग म्हटलं, "आता एकेकीने या." कोणी हलेना. बाया एकमेकींकडे पाहून पदर तोंडात धरू लागल्या. शेवटी अप्पांची धाकटी सून ज्योती हळूच म्हणाली, "मॅडम, तो गडीमाणूस हाये ना."

"तो रबर आहे!"

"हां, पर गडी हाये."

ज्योती फोपनारची, बारावी शिकलेली, वर्गातली सगळ्यात हुशार. सासऱ्यांपुढे तिचा पदर हनुवटीपर्यंत यायचा. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि ती अप्पांशी एक शब्दही थेट बोलली नव्हती. चहा झाला की भिंतीला सांगायची, "चहा झाला हाय म्हणा." भिंतीपलीकडे बसलेले अप्पा भिंतीलाच सांगायचे, "आण म्हणा." त्या भिंतीने त्या घरात जितकं काम केलं तितकं कोणी केलं नसेल.

मग पाव्हणा नात्याने कोण लागतो यावर चर्चा झाली. एक म्हणाली जेठ, म्हणजे थोरला दीर, तर त्याला हात लावता येत नाही. दुसरी म्हणाली जावई, तरी लावता येत नाही. संस्थेच्या इंग्रजी पुस्तकात या प्रश्नावर एकही ओळ नव्हती. जिजीनेच तोड काढली. राखीला आठ दिवस होते, दुकानात राख्या आल्या होत्या. "भाऊ करून टाका ना त्याले! भावाले हात लावायले काय हरकत?"

हात नसलेल्या भावाला राखी बांधायची कुठे? मानेत. एकोणीस बायांनी पाव्हण्याच्या मानेत एकोणीस राख्या बांधल्या. त्यातल्या तीन मी सैल करून घेतल्या, कारण श्वासनलिकेवर दाब येणं तत्त्वतः बरोबर नव्हतं. मग बाया भावाची ओवाळणी मागू लागल्या. भावाच्या वतीने मी प्रत्येकीला बँडेजची एकेक गुंडाळी दिली. त्यानंतर त्यांनी पाव्हण्याची छाती अशी काही दाबली की 'टक, टक, टक' आवाजाने ओट्यावरची मांजर पळून गेली.

मोजणीचंही तसंच झालं. तीस वेळा दाबायचं, आणि ते मोठ्याने मोजत, म्हणजे वेग चुकत नाही आणि दुसऱ्याला बदली घेता येते. मी "वन, टू, थ्री" शिकवलं. मराठीत म्हणा म्हटलं तरी बाया 'एक' म्हणेनात. इकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मग दोन, तीन. जिजी मला समजावून म्हणाली, "बाई, जवारी मोजतांनी आम्ही एक नाही म्हणत, आन माणसाचा जीव मोजतांनी म्हणू काय?" मी माझ्या वहीत 'वन' खोडून 'लाभ' लिहिलं. दापोऱ्यात छाती 'लाभ, दोन, तीन' अशीच दाबली जाऊ लागली.

एक गोष्ट मात्र मला सोडवता आली नाही. कोणी पडलेला दिसला की पहिलं काम म्हणजे खांद्यावर थोपटून त्याचं नाव घेऊन मोठ्याने हाक मारायची. नावाला माणूस लवकर ओ देतो. पाव्हण्याला हाक मारायला अडचण नव्हती. पण मी विचारलं, "समजा घरचाच माणूस पडला, तर?" तेव्हा सगळ्या एकमेकींना कोपरखळ्या मारू लागल्या. नवऱ्याचं नाव तिथे अजून कोणी मोठ्याने घेत नाही. जिजीला मी म्हटलं, "समजा अप्पाच पडले. काय म्हणून हाक माराल?"

"अहो म्हणंन."

"अहो म्हटल्यावर कोणीही बघेल."

"पाहू द्या. ज्याचं त्याले समजते."

याच वर्गात भागवत नाना होते. पुरुषांपैकी रोज येणारे ते एकटेच, आणि येण्याचं कारण भांडण. गावात कोणाला फिट आली की नानांच्या घरी जोडा आणायला पळायचं, असा रिवाज होता. तो जोडा नानांच्या वडिलांचा होता, चामड्याचा. तो कोणी घालत नसे, धूत तर मुळीच नसे. फिट आलेल्याच्या नाकाला लावायचा एवढंच त्याचं काम. मी वर्गात सांगितलं की फिट आलेल्याला ना जोडा, ना कांदा, ना दातांत चमचा. आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, कुशीवर वळवा आणि थांबा. बहुतेक फिट दोनतीन मिनिटांत आपोआप थांबते. लांबली तर अँब्युलन्स बोलवा.

नाना उभे राहिले. "म्हंजे मॅडम, आमच्या बाबाच्या जोड्यानं आजवर काहीच नाही केलं?"

सगळा वर्ग माझ्याकडे पाहू लागला. नानांचा चेहरा असा झाला होता की मला एकदम वडील गेलेल्या घरी बसल्यासारखं वाटलं. मी विचार करून म्हटलं, "नाना, जोडा आणेपर्यंत लोक रुग्णापासून लांब थांबत होते ना? तेच मोठं काम. आता तुम्ही अँब्युलन्सला फोन करायचा आणि गर्दी हटवायची. जोडा हातात राहू द्या."

नानांना ते पटलं. त्यानंतर ते प्रत्येक वर्गाला जोडा घेऊनच येत आणि पाव्हण्याभोवती कोणी फार जवळ आलं की तो नुसता वर उचलत. एवढी शिस्त मला नर्सिंग शाळेत तीस वर्षांत आणता आली नव्हती.

आणि रघुनाथ अप्पा. ओटा त्यांचा, त्यामुळे ते खुर्ची टाकून कोपऱ्यात बसत, शेंगा खात आणि शेरे मारत. "मरणाऱ्याले मरू द्या ना मॅडम, तुम्ही काहून मधात येता?" राख्यांनंतरच्या पहिल्याच वर्गाला त्यांनी एकदम छातीला हात लावला, "आई गं" म्हणाले आणि खुर्चीवरून खाली पडले. सगळ्या धावल्या. ज्योती सर्वांत पुढे. पण तीन हातांवर येऊन तिने पदर खाली ओढला आणि तिथेच खिळली. अप्पांनी एक डोळा उघडला.

"आतापर्यंत मी मेलो असतो," ते भिंतीला म्हणाले. "पाव्हण्याले हात लावतात, घरच्याले नाही. नापास म्हणा सगळ्यांले!"

सगळे हसले. मीही हसले, पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. अप्पांना ते नाटक इतकं आवडलं की पुढे दर महिन्याला होणाऱ्या उजळणीच्या वर्गाला ते एकदा तरी मरत. पुढेपुढे त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहीना. जिजी म्हणायची, "झालं सुरू याह्यचं."

इथे थोडं थांबून एक गोष्ट सरळ सांगते, म्हणजे पुढचं समजेल. छाती दाबल्याने मेलेला माणूस उठून बसत नाही. सिनेमात बसतो. हृदय बंद पडलं की मेंदूला रक्त मिळत नाही आणि काही मिनिटांतच मेंदू मरायला लागतो. आपण बाहेरून छाती दाबून हृदयाचं काम हाताने करत राहायचं, वीजझटक्याचं मशीन येईपर्यंत. एवढंच. पुष्कळदा सगळं बरोबर करूनही माणूस जातो. शहरातल्या एका कापडाच्या दुकानात मालक गल्ल्यावर कोसळले होते. लोकांनी तळपाय चोळले, पंखा लावला, पाणी पाजलं, देवाचा अंगारा लावला. सगळं प्रेमाने केलं. छाती कोणी दाबली नाही. त्यांचा मुलगा नंतर माझ्या वर्गाला येऊन शेवटच्या रांगेत बसला. शिकवून झाल्यावर तो पाव्हण्याजवळ जाऊन बराच वेळ दाबत बसला. मी त्याला थांबवलं नाही. या कामात अशी माणसं भेटतात, आणि त्यांच्यापुढे आपण नेहमी उशिरा पोचलेलो असतो.

आता तो दिवस.

थंडीतली दुपार होती. रस्त्याकडेला केळीचे घड ट्रकमध्ये भरले जात होते. ओट्यावर पाव्हणा आडवा, भोवती बाया. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे मला डॉक्टरांनी जमिनीवर बसायला मनाई केली होती आणि मी खुर्चीवरून शिकवत होते. अप्पा कोपऱ्यात शेंगा खात होते. मध्येच खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि अप्पा खाली घसरले.

"झालं सुरू याह्यचं," जिजी म्हणाली.

कोणी थांबलं नाही. 'लाभ, दोन, तीन' चालूच. अप्पा आडवे होऊन घोरू लागले. एक बाई म्हणाली, "आज तं झोपून बी गेले." हसणं झालं. ज्योतीचे हात मात्र पाव्हण्याच्या छातीवर थांबले.

"मॅडम, मामाजी असं नाही घोरत."

"म्हणजे?"

"रोज भिंतीतून ऐकू येते मले. असं नाही घोरत ते."

मी वळून पाहिलं. तो घोरण्याचा आवाज नव्हता. हृदय बंद पडल्यावर माणूस थोडा वेळ असा अधूनमधून आचके देतो. बघणाऱ्याला वाटतं श्वास चालू आहे. तो श्वास नसतो. "ज्योती बरोबर बोलते आहे," मी ओरडले. "सपाट झोपवा त्यांना. हाक मारा. नाना, फोन!"

जिजी पुढे झाली. "नाटक पुरे झालं, अहो! अहो, ऐकलं काय!" केळीच्या ट्रकवरून दोन गडी वाकून म्हणाले, "काय वं?" अप्पांनी काही म्हटलं नाही. जिजीने खांदा हलवला. मग तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि कानाशी वाकून गल्लीभर ऐकू जाईल अशी हाक मारली.

"रघुनाथ! ए रघुनाथ! ऊठ!"

ट्रकवरचा घड कोणाच्या तरी हातातून खाली पडला. अप्पा हलले नाहीत. आणि त्या क्षणी सगळ्या दापोऱ्याला समजलं की हे नाटक नाही. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोने पहिल्यांदा नाव घेतलं, तेही एकेरी, चारचौघांत, आणि अप्पा भांडायला उठून बसले नाहीत. याहून पक्की तपासणी कोणत्याही पुस्तकात नाही.

"ज्योती," मी म्हटलं, "सुरू कर."

ज्योती गुडघ्यांवर बसली होती, पदर हनुवटीपर्यंत, हात पुढे केलेले आणि हवेतच थांबलेले. पहिल्या नाटकाच्या दिवशी थांबले होते तसेच. मी खुर्चीतून उठू लागले. माझा गुडघा गेला तरी चालेल असं मी ठरवलं होतं. तेवढ्यात जिजीने सुनेच्या पाठीत धपाटा घातला.

"काय पाहू राह्यली? ते आता तुहे मामाजी नाहीत. ते पाव्हणा हायेत. दाब!"

ज्योतीने दाबलं. "लाभ, दोन, तीन, चार..." पदर घसरू लागला. तिने तो दातांत धरला, तर मोजणी बंद झाली आणि वेग चुकला. मी ओरडले, "मोज!" तिने एकदा मान वर केली. पदर की मोजणी, दोन्ही एका तोंडाने होत नव्हतं. तिने तोंड उघडलं. पदर खांद्यावरून खाली पडला आणि तिने तो उचलला नाही. "पाच, सहा, सात..." त्या गल्लीने तिचा इतका मोठा आवाज कधी ऐकला नव्हता. आता तो ट्रकपलीकडे जात होता.

दाबता दाबता 'टक' असा आवाज आला. बायांचे चेहरे उजळले. "बरोबर, बरोबर! टक आला!" पाव्हण्याच्या छातीतून टक आला म्हणजे खोली बरोबर, असं मीच शिकवलं होतं. माणसाच्या छातीत स्प्रिंग नसते. ती बरगडी होती. ज्योतीने घाबरून माझ्याकडे पाहिलं.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "थांबू नकोस." बरगडी जोडली जाते.

मग बाया आळीपाळीने बदलू लागल्या. एकीचा वेग कमी झाला की ज्योती म्हणायची, "काकू, सरका," आणि काकू निमूटपणे सरकत. पाणी घेऊन एक जण आला, त्याच्यापुढे नाना जोडा उगारून उभे. "पाणी नाही! कांदा नाही! माघारी व्हा!" दुसऱ्या हातात फोन. पलीकडून अँब्युलन्सवाल्यांनी खूण विचारली असावी, कारण नाना सांगत होते, "केळीच्या बागेजवळ." दापोऱ्यात केळीच्या बागेजवळ नाही असं एकही घर नाही. मी म्हटलं, "ट्रक! ट्रकची खूण सांगा!" मग ट्रकवरचे गडी मुख्य रस्त्यावर धावले आणि केळीची पानं हलवत उभे राहिले.

अँब्युलन्स यायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. आयुष्यभर मी मनगटावरचं घड्याळ पाहून नोंद केली. त्या दिवशी पाहिलंच नाही.

दोघे तरुण मशीन घेऊन ओट्यावर चढले. समोर दोन माणसं आडवी. पहिला तरुण थेट पाव्हण्याकडे धावला, त्याच्या गळ्यातल्या राख्या बाजूला केल्या, नाडी शोधली आणि किंचाळला, "अरे, इसके पैर कहाँ हैं?"

"शुगरमधी गेले," जिजी दाबता दाबता म्हणाली. त्या वेळी पाळी तिची होती. "त्याले राहू द्या. हा पाहा इकडं."

झटका दिला. मशीनने थांबायला सांगितलं, मग पुन्हा दाबायला सांगितलं. पुन्हा झटका. मग मशीनच्या पडद्यावरची रेघ डोंगर चढू लागली आणि त्या तरुणाने होकारार्थी मान हलवली. पाव्हण्यासाठी हंबरडा फोडणारी जिजी आता पतीच्या सदऱ्याची बटणं लावत होती.

अप्पांना आधी बुऱ्हाणपुरात ठेवलं, मग मोठ्या शहरात नेऊन रक्तवाहिनीत जाळी बसवली. परत आले तेव्हा मी भेटायला गेले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सदरा वर करून छातीला बांधलेला पट्टा दाखवत होते. "तीन बरगड्या. माह्या सुनेनं मोडल्या. एका हातानं नाही, दोन्ही हातानं." तक्रारीसारखं सांगत, पण इतक्यांना सांगत की तक्रार वाटेना.

ज्योती चहा घेऊन आली. पदर पुन्हा डोक्यावर आला होता, पण आता कपाळापर्यंतच. भिंतीला काही न सांगता तिने कप त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "साखर नाही टाकली." अप्पा म्हणाले, "बरं." मग ती आत गेल्यावर त्यांनी मला खुर्ची जवळ ओढायला सांगितली.

"मॅडम, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा."

"लोक म्हंतात, हिनं माह्यं नाव घेतलं."

"घेतलं."

"किती डाव?"

"दोनदा. ऊठ असंही म्हणाल्या."

"आन मी नाही उठलो?"

"नाही उठलात."

अप्पांनी कप उचलून बशीत चहा ओतला. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता.

"मंग खरंच मेलो होतो," ते म्हणाले, आणि चहा प्यायले.

तर मुलांनो, माझ्या मागे खुर्चीत बसलेला तो हा. त्याची स्प्रिंग गेली आहे, कितीही दाबलं तरी टक होत नाही. मानेतल्या राख्यांचे नुसते धागे उरलेत, ते मी कापलेले नाहीत. दापोऱ्यात आता नवा पुतळा आहे, पायांसकट, आणि तो फोनला जोडला की इंग्रजीत मोजतो. तिथला वर्ग ज्योती घेते. ती फोनचा आवाज बंद करते आणि 'लाभ'पासून सुरुवात करते. जोडा नानांच्या दाराशी खुंटीला आहे, अजून धुतलेला नाही. मला जमिनीवर बसता येत नाही. अप्पा आहेत.